राजगडाच्या छायाचित्राखालचे नाव : एका छात्राध्यापिकेच्या पीपीटीचे प्रकरण

हे प्रकरण बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका छात्राध्यापिकेचे आहे. इतिहास ही तिची मुख्य अध्यापन पद्धती होती आणि तिच्या सराव पाठांचा मार्गदर्शक मी होतो. तिचे, महाविद्यालयाचे आणि ज्या छायाचित्रकाराशी आमचा पत्रव्यवहार झाला त्यांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. या प्रकरणात कोणी न्यायालयात गेले नाही, कोणाला दंड झाला नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते एका ई-मेलपुरतेच वाटेल. तरीही ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण आमच्याकडे दर वर्षी तयार होणाऱ्या बहुतेक पीपीटी तिच्या पीपीटीसारख्याच असतात. त्या तशा का होतात याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणात शोधून सापडत नाही; ते साधनांच्या रचनेत आणि आमच्या मूल्यमापनाच्या तक्त्यांत सापडते.

पाठ आणि व्हिडिओ

२०२५च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या लष्करी वारशाचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतील अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतील जिंजी. त्यानंतरच्या सत्रात आमच्या छात्राध्यापकांमध्ये किल्ल्यांवर पाठ घेण्याची जणू चढाओढच लागली. या विद्यार्थिनीने सातवीच्या वर्गासाठी शिवकालीन दुर्गव्यवस्था हा घटक निवडला, पाठ टाचण वेळेत तपासून घेतले आणि चार रात्री बसून २२ स्लाइडची पीपीटी तयार केली. शीर्षकाची स्लाइड कॅनव्हावर केलेली होती, बाकीच्या स्लाइड एका संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेतलेल्या टेम्प्लेटवर पॉवरपॉइंटमध्ये रचलेल्या होत्या, आणि शेवटच्या स्लाइडवर ‘चित्रे : गुगलवरून साभार’ अशी ओळ होती.

पाठ उत्तम झाला. गडाच्या दरवाजाची गोमुखी रचना मुलांनी प्रश्न विचारून विचारून समजून घेतली. मी निरीक्षण तक्त्यात ‘दृक्-श्राव्य साधनांचा वापर’ या मुद्द्याला पूर्ण गुण दिले. त्या तक्त्यात साधन आशयाशी सुसंगत आहे का, मागच्या बाकावरून वाचता येते का, आकर्षक आहे का, असे प्रश्न होते. ते कोठून आणले, हा प्रश्न त्यात नव्हता आणि मीही तो विचारला नाही.

पुढे महाविद्यालयाने चांगल्या पाठांचे व्हिडिओ आपल्या यूट्यूब चॅनेलवर ठेवायचे ठरवले. विद्यार्थिनीने पॉवरपॉइंटमध्येच आपल्या आवाजात निवेदन ध्वनिमुद्रित केले, सुरुवातीला आणि शेवटी एका चित्रपटातील पोवाड्याच्या चालीचे गाणे लावले आणि फाइल व्हिडिओत रूपांतरित करून पेन ड्राइव्हवर दिली. कार्यालयातून तो व्हिडिओ महाविद्यालयाच्या बोधचिन्हासह चॅनेलवर चढला. खालच्या वर्णनात इंग्रजीतील एक परिच्छेद चिकटवलेला होता, जो अशा शेकडो व्हिडिओंखाली दिसतो : १९७६च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्याच्या कलम १०७नुसार हा उचित वापर आहे, अशा आशयाचा. त्याकडे मी पुन्हा येईन.

पहिली सूचना काही तासांतच आली होती. यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने गाणे ओळखले आणि त्याच्या मालकाच्या वतीने दावा नोंदवला. व्हिडिओ दिसत होता, चॅनेलवर ठपका (स्ट्राइक) आलेला नव्हता, म्हणून कार्यालयाने ती सूचना बाजूला ठेवली. तिसऱ्या आठवड्यात मात्र महाविद्यालयाच्या पत्त्यावर एक ई-मेल आला. नवव्या स्लाइडवरील राजगडाच्या संजीवनी माचीचे छायाचित्र आपले आहे, असे पाठवणाऱ्याने लिहिले होते. पावसाळ्यात पद्मावतीच्या देवळात मुक्काम करून, पहाटे ढग बाजूला होण्याची वाट पाहून त्यांनी ते टिपले होते. छायाचित्राच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्यांचे नाव होते आणि आमच्या व्हिडिओत तो कोपरा नव्हता. त्यांनी पैसे मागितले नव्हते. एकतर छायाचित्र काढा किंवा नाव द्या, एवढीच मागणी होती, आणि शेवटी एक प्रश्न होता : माझे नाव कापले कोणी?

फाइल उघडल्यावर

या प्रश्नाने विद्यार्थिनी हादरून गेली. ‘सर, मी नाव कापलेलं नाही,’ असे ती पुन:पुन्हा सांगत होती. मला ते खरे वाटले नाही, हे येथे नोंदवायला हवे. छायाचित्र तिच्या फाइलमध्ये होते, नाव नव्हते, मग दुसऱ्या कोणी कापले असणार? आम्ही तिच्याच लॅपटॉपवर मूळ फाइल उघडली, नवव्या स्लाइडवरील छायाचित्र निवडले आणि क्रॉपचे बटण दाबले. छायाचित्राच्या चौकटीबाहेरचा झाकलेला भाग फिकट रंगात समोर आला आणि त्या फिकट भागात, उजव्या कोपऱ्यात, छायाचित्रकाराचे नाव होते.

घडले ते असे. मोफत टेम्प्लेटमध्ये चित्रासाठी एक चौरस जागा आखलेली होती. अशा जागेत आडवे छायाचित्र टाकले की पॉवरपॉइंट ते चौकट पूर्ण भरेल इतके मोठे करतो आणि दोन्ही बाजूंचा जास्तीचा भाग आपणहून झाकतो. विद्यार्थिनीने छायाचित्र टाकले, ते नीट बसलेले पाहिले आणि ती पुढच्या स्लाइडकडे वळली. फाइलमध्ये झाकलेला भाग शाबूत राहतो. मुद्दाम आज्ञा दिल्याशिवाय तो पुसला जात नाही. मात्र त्याच फाइलचा व्हिडिओ झाला की पडद्यावर दिसते तेवढेच उरते. नाव खऱ्या अर्थाने नाहीसे झाले ते त्या टप्प्यावर, आणि ते कोणाच्याही हाताने झाले नाही.

या तांत्रिक तपशिलावर मी थांबतो आहे, कारण प्रकरणाचा गाभा मला येथेच दिसतो. चित्र शोधताना गुगल ते त्याच्या पानापासून सुटे करून दाखवतो, मोबाइलवर बोट दाबून धरले की ते गॅलरीत उतरते आणि तेथे त्याला एक क्रमांक मिळतो. व्हॉट्सॲपवरून लॅपटॉपवर आले की दुसरा क्रमांक मिळतो, आणि टेम्प्लेटची चौकट उरलेला कोपरा झाकते. प्रत्येक पायरी सोयीची आहे आणि प्रत्येक पायरीवर चित्र त्याच्या कर्त्यापासून थोडे दूर जाते. शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला ते अनाथ दिसते, आणि अनाथ वस्तू सर्वांची असते असे त्याला वाटू लागते.

कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५ब आले. त्यानुसार हक्कांविषयीची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा असलेला गुन्हा आहे. येथे ‘जाणूनबुजून’ या शब्दाला वजन आहे, आणि या प्रकरणात तो लागू होत नाही असे माझे मत आहे. पण कलम ५७ वेगळे आहे. आपली कृती आपली म्हणून ओळखली जावी, हा कर्त्याचा नैतिक हक्क ते कलम मान्य करते आणि तो हक्क कर्त्याने प्रताधिकार दुसऱ्याला विकला तरी त्याच्याकडेच राहतो. छायाचित्रकाराने विचारलेला प्रश्न नेमका याच हक्काचा होता.

बावीस स्लाइडची झडती

व्हिडिओ त्याच दिवशी चॅनेलवरून काढला. त्यानंतर विद्यार्थिनीने एक वही घेतली आणि पीपीटीतील प्रत्येक वस्तू कोठून आली ते लिहायला बसली. गुगल लेन्स आणि टिनआय या दोन उलट शोधाच्या साधनांनी बहुतेक चित्रांची मूळ पाने सापडली. सर्वाधिक छायाचित्रे दुर्गभ्रमण करणाऱ्यांच्या खासगी संकेतस्थळांवरची निघाली. काही पिंटरेस्टवरून आलेली होती, म्हणजे तेथेही ती कोणीतरी दुसऱ्याकडूनच आणून लावलेली होती. राज्याभिषेकाचे चित्र एका आजच्या चित्रकाराने कॅलेंडरसाठी रंगवलेले होते. किल्ल्यांचा नकाशा एका गिरिभ्रमण संस्थेचा होता. शीर्षकाचा टंक (फॉण्ट) बाजारात विकला जाणारा होता आणि तिच्या लॅपटॉपवर तो डीटीपीच्या दुकानातून आला होता. टेम्प्लेट मोफत होते, पण मोफत वापरणाऱ्याने श्रेयाची शेवटची स्लाइड काढू नये अशी त्याची अट होती, आणि ‘गुगलवरून साभार’साठी जागा हवी म्हणून तीच स्लाइड तिने काढून टाकली होती.

पाठ्यपुस्तकातील एक पान तिने स्कॅन करून घेतले होते. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात, म्हणून ती वापरायला मोकळी आहेत असा तिचा समज होता, आणि तो समज आमच्या अनेक सहकाऱ्यांचाही आहे. प्रत्यक्षात पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवरच लिहिलेले असते की सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे आहेत आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नाही. विनामूल्य मिळणे आणि पुन्हा प्रसिद्ध करण्याची मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या वर्गात हे वाक्य मी त्यापूर्वी एकदाही उच्चारले नव्हते.

तिने विचारलेला सर्वांत अवघड प्रश्न किल्ल्याविषयी होता. ‘सर, गड तर महाराजांचा. त्याच्या फोटोवर एका माणसाचा हक्क कसा?’ गडावर कोणाचाही प्रताधिकार नाही, हे खरेच आहे. उद्या त्याच जागी उभे राहून कोणीही छायाचित्र घ्यावे. राजगड ही राजधानी होती, ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, संजीवनी माचीला दुहेरी तटबंदी आहे, ही तथ्ये आहेत आणि तथ्ये कोणाच्या मालकीची नसतात. कल्पनेला संरक्षण नसते, तिच्या आविष्काराला असते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात स्पष्ट केले आहे. ठरावीक पहाटेचा प्रकाश, निवडलेली जागा, धरलेली चौकट हा आविष्कार. गड सर्वांचा, ती पहाट छायाचित्रकाराची.

वर्गात चालते, चॅनेलवर का नाही

आमच्या प्राध्यापकांच्या बैठकीत पहिली प्रतिक्रिया अशी होती की शिक्षणासाठी सर्व चालते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. या मतात अर्धे सत्य आहे, म्हणूनच ते तपासून पाहिले पाहिजे. अधिनियमाच्या कलम ५२मध्ये ज्या कृतींनी प्रताधिकाराचा भंग होत नाही त्यांची मोठी यादी आहे. त्यातील उपकलम (१)(झ), म्हणजे इंग्रजी अधिनियमातील ‘आय’ हा खंड, शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात केलेल्या पुनर्निर्मितीला मुभा देतो. सातवीच्या वर्गात ती पीपीटी दाखवली गेली तेव्हा विद्यार्थिनी या मुभेच्या आत होती असे मी समजतो. नाव न देणे तेथेही चुकीचेच होते, पण छायाचित्र दाखवणे गैर नव्हते.

‘शिकवण्याचा ओघ’ किती विस्तृत आहे याचा विचार दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसच्या खटल्यात झाला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२मध्ये तो दाखल केला होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने १६ सप्टेंबर २०१६ रोजी आणि खंडपीठाने ९ डिसेंबर २०१६ रोजी दिलेल्या निकालांनी हा ओघ वर्गातील व्याख्यानापुरता आखडून धरला नाही. अभ्यासक्रमासाठी निवडक उताऱ्यांचे संच करणेही त्यात बसते असे मानले. शिक्षकांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे आणि तो प्रत्येक अध्यापक महाविद्यालयात शिकवला जावा असे मला मनापासून वाटते. पण त्या खटल्यातील संच एका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी होते. आमचा व्हिडिओ जगातील कोणासाठीही, कायमचा, उघडा होता. कृती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क कलम १४ने मालकाला स्वतंत्रपणे दिलेला आहे आणि शिकवण्याच्या ओघाची सवलत उघड्या चॅनेलपर्यंत ताणता येईल असे मला वाटत नाही.

म्हणजे पीपीटी तीच, छायाचित्र तेच, विद्यार्थिनी तीच. फक्त चार भिंती गेल्या. हा बदल तिने केला नव्हता, संस्थेने केला होता, आणि तो करताना काही बदलते आहे याची जाणीव आमच्यापैकी कोणालाही झाली नाही.

आता कलम १०७च्या परिच्छेदाविषयी. तो कायदा अमेरिकेचा आहे. तेथील उचित वापराचे तत्त्व चार निकषांवर न्यायालय तोलून पाहते. आपल्या कलम ५२मधील उचित व्यवहाराची सवलत खासगी किंवा वैयक्तिक उपयोग आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचे वार्तांकन अशा सांगितलेल्या हेतूंपुरती आहे. दुसऱ्या देशाच्या कायद्याचा परिच्छेद खाली चिकटवल्याने येथे कोणतेही संरक्षण मिळत नाही, आणि अमेरिकेतही केवळ तो लिहिल्याने मिळत नाही. ‘३० सेकंदांपर्यंत गाणे चालते’ हा समजही असाच ऐकीव आहे. आपल्या अधिनियमात अशी सेकंदांची मर्यादा कोठेही नाही. छायाचित्रकाराने आम्हाला न लिहिता यूट्यूबकडे रीतसर तक्रार केली असती तर महाविद्यालयाच्या चॅनेलवर ठपका आला असता, आणि ९० दिवसांत असे तीन ठपके आले की चॅनेल बंद होऊ शकते. आधी आम्हाला लिहिणे हा त्यांचा सौजन्याचा भाग होता.

दुरुस्ती

नवी पीपीटी करताना तिने पहिला निर्णय गाण्याविषयी घेतला आणि तो सर्वांत सोपा ठरला. यूट्यूबच्या ध्वनिसंग्रहातील वापरण्यास मोकळे संगीत तिने ऐकून पाहिले, पण कोणतेच लावले नाही. संगीताशिवाय निवेदन जास्त स्वच्छ ऐकू येत होते. टंकाच्या जागी मुंबईच्या एक टाइप या गटाने घडवलेला, मुक्त परवान्याखाली मिळणारा मुक्ता हा टंक आला. नकाशा तिने ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतला आणि त्याखाली योगदानकर्त्यांचा उल्लेख केला. पाठ्यपुस्तकाच्या पानाऐवजी तोच आशय स्वतःच्या शब्दांत लिहिला, आणि ते तिला आधीच करता आले असते असे ती म्हणाली.

राज्याभिषेकाच्या चित्राने मात्र दोन दिवस घेतले. चित्रावरील प्रताधिकार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. आजच्या चित्रकाराचे कॅलेंडर त्यामुळे बादच होते. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरील हक्क २००४च्या अखेरीस संपला. शिवकालीन प्रसंगांवरील त्यांचे चित्र ती नि:शंकपणे वापरू शकत होती, आणि तिने ते वापरताना खाली त्यांचे नाव मोठ्या अक्षरात दिले, जरी त्याची मागणी करणारा आज कोणी नाही. महाराजांच्या व्यक्तिचित्रासाठी तिने ब्रिटिश म्युझियममधील १७व्या शतकातील चित्र निवडले. मूळ चित्रावर आज कोणाचा हक्क नाही, पण संग्रहालय आपल्या संकेतस्थळावरील प्रतिमा श्रेय द्यावे, व्यापारी उपयोग करू नये आणि तशाच अटींवर पुढे द्यावे अशा क्रिएटिव्ह कॉमन्स (ठरावीक अटींवर सर्वांना वापराची मुभा देणाऱ्या) परवान्याखाली देते. जुन्या चित्राच्या छायाप्रतीवर नवी अट कशी, हा तिचा प्रश्न रास्त होता. आमचा उपयोग त्या अटींत बसत होताच, म्हणून आम्ही त्या पाळल्या.

किल्ल्यांच्या छायाचित्रांसाठी ती विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्यांच्या चित्रसंग्रहाकडे वळली. तेथे व्यापारी उपयोगाला बंदी घालणारी चित्रे स्वीकारलीच जात नाहीत, त्यामुळे निवड सोपी होते. तरी प्रत्येक चित्राचे पान उघडून परवाना वाचावा लागतो. गुगलच्या चित्रशोधात ‘साधने’खाली वापराच्या हक्कांची गाळणी आहे हे तिला याच काळात समजले, आणि ती गाळणी लावूनही मूळ पानावर जाऊन खात्री करावी लागते हेही समजले. प्रत्येक चित्राखाली तिने शीर्षक, कर्ता, स्रोत, परवाना अशी एक ओळ लिहिली आणि चित्र कापले असेल तेथे ‘कडा कापल्या आहेत’ असे शब्द जोडले. परवान्याची ती अटच आहे, आणि मला विचाराल तर या सर्व प्रकरणातील सर्वांत बोलके शब्द तेच तीन आहेत.

एक गुंता मात्र पूर्ण सुटला नाही. काही छायाचित्रे बाय-एसए परवान्याची होती, म्हणजे त्यांवर आधारित कृतीही त्याच परवान्याने द्यावी लागते. चित्र स्लाइडवर नुसते ठेवले तर ती आधारित कृती ठरते की निव्वळ संकलन, यावर तिने बरेच वाचले आणि मलाही वाचायला लावले. शेवटी तिने स्वतःचा मजकूर आणि रचना सीसी बाय-एसए ४.० परवान्याखाली खुली करायची आणि ज्या चित्रांच्या अटी वेगळ्या आहेत ती शेवटच्या स्लाइडवर नावानिशी वगळायची असे ठरवले.

मधल्या काळात तिने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून गडाचे चित्र काढून घेण्याचाही प्रयत्न केला. त्यात आलेल्या बुरुजांना युरोपातील वाड्यांसारखी टोकदार छपरे होती. इतिहासाच्या शिक्षिकेने ते वर्गात दाखवणे प्रताधिकारापेक्षा वेगळ्या कारणाने अयोग्य होते, आणि तिने ते लगेच काढून टाकले.

तिचे स्वतःचे नाव

छायाचित्रकाराला पाठवायच्या उत्तराचा मसुदा आम्ही दोघे मिळून करत होतो. ‘आपले नाव न देण्यात आमच्याकडून चूक झाली’ या वाक्यापाशी ती थांबली आणि शांतपणे म्हणाली, ‘सर, त्या व्हिडिओवर माझंही नाव नव्हतं.’

ती बरोबर होती. बोधचिन्ह महाविद्यालयाचे, शीर्षक महाविद्यालयाचे, आवाज आणि चार रात्रींचे काम तिचे. नोकरीत असलेल्या व्यक्तीने कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक कलम १७नुसार सामान्यतः नोकरी देणारी संस्था असते. पण विद्यार्थी संस्थेचा नोकर नसतो. तिने रचलेल्या पाठाचा, निवेदनाचा आणि मांडणीचा प्रताधिकार तिचा होता, आणि तो व्हिडिओ चॅनेलवर ठेवण्यासाठी तिची लेखी संमती आम्ही घेतलेली नव्हती. पेन ड्राइव्ह दिला म्हणजे संमती दिली असे आम्ही धरून चाललो. दुसऱ्याच्या छायाचित्राविषयी तिने जे केले, तेच आम्ही तिच्या पाठाविषयी केले होते, आणि आमच्या बाबतीत चौकट आपोआप बसली असे म्हणण्याची सोय नव्हती.

तो मसुदा आम्ही बदलला. दोन पत्रे तयार झाली. एक तिच्या सहीने, ज्यात नाव कसे झाकले गेले हे तिने टेम्प्लेटच्या चौकटीसह सविस्तर सांगितले आणि छायाचित्र नव्या व्हिडिओत वापरण्याची परवानगी मागितली. दुसरे महाविद्यालयाच्या वतीने, ज्यात प्रसिद्धीची जबाबदारी संस्थेची होती असे स्पष्ट लिहिले. कार्यालयाने व्हिडिओसाठी संमतिपत्राचा एक पानी नमुना तयार केला आणि त्यात विद्यार्थ्याचे नाव कोठे व कसे दिसेल यासाठी एक ओळ ठेवली. माझ्या निरीक्षण तक्त्यात ‘साधनांचा स्रोत’ हा रकाना आला. त्याला वेगळे गुण ठेवावेत का यावर आमच्यात मतभेद आहेत. गुण ठेवले तर विद्यार्थी स्रोत लिहितील, पण गुणांपुरते लिहितील, असे काहींचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही. पाठ टाचणाची सवयही गुणांनीच लागते.

छायाचित्रकाराचे उत्तर चार दिवसांनी आले. त्यांनी परवानगी दिली, अटी तीन : नाव चित्रावरच दिसावे, चित्र न कापता पूर्ण वापरावे, आणि ते फक्त याच व्हिडिओत असावे.

परवानगी येईपर्यंत ती स्वस्थ बसली नव्हती. डिसेंबरच्या एका रविवारी दोन मैत्रिणींना घेऊन ती पाली दरवाजाने राजगडावर चढली आणि मोबाइलवर छायाचित्रे घेऊन आली. दरवाजाची, पायऱ्यांची, तटाची तिची छायाचित्रे शिकवण्यासाठी पुरेशी चांगली होती आणि नव्या पीपीटीत त्यांनी जुन्यांची जागा घेतली. संजीवनी माचीचे मात्र तिचे छायाचित्र धुरकट आले. गवत वाळलेले, हवा करडी. पाऊस सरतानाच्या त्या पहाटेसाठी रात्रभर मुक्काम करावा लागतो हे तिला तेथे उभे राहिल्यावर कळले, असे तिने वहीत लिहिले आहे. म्हणून नवव्या स्लाइडवर छायाचित्रकाराचेच छायाचित्र राहिले, आता आडवे आणि अखंड. त्यासाठी टेम्प्लेटमधील चौरस चौकट तिने काढून टाकली.

चौदाव्या स्लाइडवरील चिलखती बुरुजाच्या आकृतीचा मालक शेवटपर्यंत सापडला नाही. ती व्हॉट्सॲपच्या गटातून आलेली होती आणि उलट शोधात तिच्या प्रतींच्याच प्रती मिळत गेल्या. अशा कृतींसाठी कलम ३१अमध्ये परवाना मिळवण्याचा मार्ग आहे, परंतु एका पाठातील एका आकृतीसाठी तो मार्ग धरणे कोणालाच शक्य नव्हते. तिने ती आकृती काढून टाकली. माचीवर फिरताना पाहिलेली दुहेरी तटबंदी, आतला आणि बाहेरचा बुरूज आणि त्यांच्यामधली अरुंद नाळ तिने सातवीच्या वर्गातील फळ्यावर खडूने काढली. बाहेरचा बुरूज शत्रूने पाडला तर तो कोठे अडकेल असे मुलांना विचारत तिने ती आकृती टप्प्याटप्प्याने पुरी केली आणि मग फळ्याचे छायाचित्र घेतले. नव्या व्हिडिओतील चौदावी स्लाइड तीच आहे, आणि तिच्याखाली लिहिले आहे : आकृती व छायाचित्र, आणि पुढे तिचे पूर्ण नाव.